‘कचरा दवाखान्यामागे जाळा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

एक मेसेज गावोगावी फिरतोय: ‘सरकारी दवाखान्यात पिवळ्या-लाल पिशव्यांचं नाटक कशाला? सगळा कचरा मागच्या खड्ड्यात जाळा, जंतू मरतात. सुईला टोपण घातलं की धोका संपला. कचरा नेणाऱ्या गाडीचं कंत्राट म्हणजे पैसे खाणं.’ माझी वहिनी प्राथमिक आरोग्य केंद्रात सफाईचं काम करते. तिच्या ग्रुपवरही तो आला आणि त्याला अंगठे मिळाले, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी टोपण. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालतानाच ती बोटात घुसते. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल, तर अशा एका टोचण्यातून लागण होण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटना 30 टक्के सांगते. सुई कटरनं तोडायची आणि पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची. टोपणाला हात लावायचाच नाही.

आता जाळणं. प्रसूतीनंतरची ओली वार खड्ड्यात वरून करपते, आत कच्चीच राहते. पोलादी सुई त्या जाळात वितळत नाही. राखेत टोकदार पडून राहते आणि भंगार वेचणाऱ्या पोराच्या हातात घुसते. पीव्हीसी प्लास्टिकच्या नळ्या जळल्या की डायॉक्सिन हे विषारी रसायन सुटतं, त्यानं कॅन्सर होतो. म्हणूनच 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत कचरा जाळायच्या भट्टीच्या दुसऱ्या कक्षाला, म्हणजे जिथं धूर पुन्हा जळतो तिथं, 1050 अंशांच्या आसपास तापमान लागतं. लाल पिशवीतलं प्लास्टिक तर जाळायचंच नसतं. ते निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला जातं.

पिशव्या नाटक नाहीत, कचरा वेगवेगळा ठेवायला त्या असतात. दवाखान्यातला सुमारे 85 टक्के कचरा घरच्यासारखाच असतो. त्यात रक्ताळलेला एक बोळा पडला की तो सगळाच धोक्याचा होतो.

गाडीचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. आडगावात ती वेळेवर येत नाही आणि पिवळ्या पिशवीतली वार, रक्ताळलेले बोळे कुजतात. पण नियम या तक्रारीच्याच बाजूनं बोलतात: असा कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, सुट्टीच्या दिवशीही तो उचलायचा आणि उचलला नाही तर दवाखान्यानं प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचं. जिथं गाडी पोचतच नाही अशा दुर्गम जागी खोल पुरायची मुभा आहे. दोन मीटरचा खड्डा, चुना, वर माती, भोवती कुंपण. त्यात काडी लावायची नसते.

याच नियमांनी कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायला सांगितलंय. वहिनीच्या केंद्रातल्या कंत्राटी बायकांना ती अजून मिळालेली नाही. फॉरवर्ड करायचंच असेल, तर ही मागणी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पाठवा.