थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, भिया!

थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. गोलकिकवर नसतो, कॉर्नरवर नसतो आणि थ्रो-इनवरही नसतो. फुटबॉलचा अकरावा नियम. (ऑफसाइड म्हणजे आपल्याकडे चेंडू टाकला जाण्याआधीच समोरच्यांच्या बचावाच्या पुढे, त्यांच्या गोलजवळ जाऊन उभं राहणं. थ्रो-इन म्हणजे कडेच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकणं.) आज दुपारपासून पोरांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच लिहून लिहून माझी बोटं दुखली, म्हणून आता इथे लिहितेय. इथे निदान माझी माणसं आहेत.

रविवारी सकाळी दहा वर्षांखालच्या पोरांच्या मॅचला मी रेफरी असते हे तुम्हाला माहीतच आहे, फोटो टाकून टाकून पकवलंय मी सगळ्यांना. सर्टिफिकेट नाही, कोर्स नाही. लहानपणी चिमणबागेत खो-खो खेळले, तेवढीच काय ती मैदानाची पुण्याई. माझा मुलगा मोठ्या गटात खेळतो, त्याची मॅच उशिरा असते, तोवर मी रिकामी बसायचे. एकदा नेहमीचा शिट्टीवाला दादा आलाच नाही. कोचने विचारलं, "कोई पेरेंट सीटी बजा देगा क्या?" आणि कडेला उभ्या असलेल्या तमाम बापलोकांना त्याच क्षणी महत्त्वाचे फोन आले. मी हात वर केला. त्या दिवसापासून शिट्टी माझ्या गळ्यात.

सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "पैसे देतात का गं?" नाही. "मग चहा तरी?" नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण चेहरा सगळं बोलला.

तर आज झालं असं. निळ्या टीमचा एक बारकुला पोरगा थ्रो-इन घ्यायला आला. चेंडू त्याच्या छातीएवढा. जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून त्याने जो नेम धरला तो थेट क्रिकेटचा, एका हाताने, स्टंपवर मारतात तसा. इंदूरचं पोर, दुसरं काय करणार. मी शिट्टी वाजवली, जवळ गेले, त्याचे दोन्ही बूट रेषेवर टेकवून घेतले आणि सांगितलं, दोन्ही हात, चेंडू डोक्याच्या मागून आणि पाय उचलायचा नाही. "फिर से डालूँ?" म्हणाला. डाल, म्हटलं. त्याने टाकला, इतका सुंदर टाकला की मलाच टाळी वाजवावीशी वाटली. पुढे त्याचा मित्र एकटाच उभा होता, त्याने पायाच्या पंजाने नुसता ढकलला आणि चेंडू गोलकीपरच्या दोन पायांतून आत. गोल.

आणि मग कडेवरून सुरू! "आंटी, ऑफसाइड! अरे आंटी, दिखता नहीं क्या? ऑफसाइड है भिया!"

मी गोल दिला. द्यायलाच हवा होता.

मॅच संपली, घरी आले, पोहे खाल्ले, आणि ग्रुपवर व्हिडिओ. गोलकीपरच्या बाबांनी टाकलेला. स्लो मोशन. मध्येच थांबवलेला, त्या आठ-नऊ वर्षांच्या पोराभोवती लाल गोल काढलेला, शेजारी पिवळा बाण. खाली लिहिलेलं, फीस किस बात की देते हैं, क्वालिफाइड रेफरी क्यों नहीं रखते? त्याखाली अंगठेच अंगठे. ज्यांना महत्त्वाचे फोन आले होते ना, त्यांचेच अंगठे.

मी अकरावा नियम टाकला. तर उत्तर काय आलं माहितीये? "आंटी, वो इंटरनेशनल रूल है, यहाँ तो बच्चों का मैच है."

म्हणजे रेफरी क्वालिफाइड हवा, पण नियम घरगुती चालतील!

गंमत अशी की भांडायला खरी जागा होती, आणि ती कोणालाच दिसली नाही. थ्रो-इन चुकला की पुस्तकाप्रमाणे तो समोरच्या टीमला जातो, त्याच पोराला पुन्हा टाकायला देत नाहीत. त्यावर कोणी बोललं असतं तर मला जरा अडखळत उत्तर द्यावं लागलं असतं. तरी दिलं असतं! कारण मी हे दोन्ही बाजूंना करते, दोन्ही कोचना आधी सांगून करते, आणि मोठी मोठी नियम करणारी मंडळीसुद्धा लहान मुलांसाठी मैदान, चेंडू, वेळ सगळं बदलायची मुभा देतात. आठ वर्षांच्या पोराला पाय कुठे ठेवायचा ते रविवारी सकाळी मैदानावर नाही शिकवायचं तर कधी? पण नाही. व्हिडिओ सुरूच होतो दुसऱ्या थ्रोपासून. आंटीने पोराला हाताने धरून शिकवलं ते कापलेलं.

आता ते "क्वालिफाइड". हो बाबा, शिकलेला रेफरी आला तर बरंच आहे. डोक्याला डोकं आपटून पोरगं खाली बसलं तर त्याला खेळू द्यायचं की बाहेर काढायचं, हे नीट कळणारं माणूस मैदानात हवं, मान्य. पण शिकलेल्याला सगळं दिसतं हा भ्रम कुठून आला? 1986 मध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला तो वर्ल्ड कपचा क्वार्टर फायनल होता. शिकलेला रेफरी, शिकलेले लाइन्समन, स्टेडियममध्ये लाखावर माणसं. दिला ना गोल? आज टीव्हीवर बघता त्या रेफरीला दोन लाइन्समन, एक चौथा अधिकारी, वर खोलीत बसून रिप्ले बघणारी टीम. माझ्याकडे दोन गुडघे, त्यातला एक कुरकुरणारा.

आणि असा शिकलेला माणूस तुमच्या आठ वर्षांच्या मुलासाठी रविवारी सकाळी सातला येणार कशाला? शिव्या खायला? शिट्टीवाला दादा यायचा बंद का झाला, कोणी विचारलं? मी विचारलं. म्हणाला, "दीदी, गाली फ्री में क्यों खाऊँ?" तो कॉलेजात जाणारा मुलगा होता हो. त्याची रेफरीची परीक्षा द्यायची इच्छा होती.

आपल्या इंदूरचेच क्रिकेट अंपायर नितीन मेनन 2020 मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर, म्हणजे अंपायरांच्या सगळ्यात वरच्या यादीत, गेले तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवून पोस्टी टाकल्या होत्या. त्यांचे वडीलही आंतरराष्ट्रीय अंपायर. हे लोक काय आकाशातून पडतात? कुठेतरी कोणत्यातरी धुळीच्या मैदानावर पहिल्यांदा उभं राहावंच लागतं. आपलं शहर वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं, कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो आपण, दुकानासमोर कागद टाकला तर अनोळखी माणूसही टोकतो. पण मैदानाच्या कडेला उभं राहिलं की तोंडातून काय बाहेर पडतंय, ओलं की सुकं, कोणी बघत नाही.

कोणाला वाटेल मी फारच मनावर घेतेय. घेतेय! 2012 च्या डिसेंबरमध्ये हॉलंडमध्ये, अल्मेरे नावाच्या गावात, एक बाप आपल्या मुलाच्या मॅचला लाइन्समन म्हणून उभा होता. माझ्यासारखाच, हौसेने, फुकट. मॅच संपल्यावर समोरच्या टीमच्या पोरांनी त्याला लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढच्या वर्षी शिक्षा झाली त्यांत सहा किशोरवयीन मुलं होती आणि एक त्यांतल्याच एकाचा बाप. फुटबॉलचं वेड असलेला, शिकलेला, श्रीमंत देश आहे तो. इंग्लंडमध्ये तर 2023 मध्ये हौशी मॅचच्या रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून बघायची वेळ आली. आपल्याकडे असं काही नाही, मला माहीत आहे. आपल्याकडे फक्त लाल गोल काढतात. पण पोरं तो व्हिडिओ बघतात ना? कोणाकडे बघून शिकतात ती?

असो. जरा पाणी पिऊन आले.

मॅच संपल्यावर तोच गोलकीपर, ज्याच्या पायांतून गोल गेला, माझ्याकडे आला. मला वाटलं आता हाही म्हणणार ऑफसाइड. त्याने बाटली पुढे केली. हातात ग्लोव्ह्ज, झाकण फिरेना. मी उघडून दिली, तो अर्धी प्यायला, अर्धी डोक्यावर ओतली. मग निळ्या टीमच्या त्या थ्रो-इनवाल्याजवळ गेला आणि दोघं आपसात थ्रो-इन टाकायला लागले. कडेला ठेवलेल्या बॅगांवरून. पाय जमिनीवर आहेत की नाही हे एकमेकांना ओरडून सांगत होते, अगदी माझ्या आवाजात. त्याचे बाबा मागे उभे, बहुतेक तेव्हाच व्हिडिओ कापत असतील.

त्या बाबांचंही समजतं मला, थोडंसं. आठवडाभर पोरगं झोपल्यावर घरी येणारा माणूस, एक रविवार मिळतो, त्यात पोराच्या पायांतून गोल जातो आणि अख्खं मैदान हसतं. राग कुठेतरी निघणार. पण तो माझ्यावरच का, आणि तोही अकरावा नियम न वाचता?

मला ग्रुपवर माफी वगैरे नकोय. व्हिडिओ काढून टाका एवढंच. त्यात दुसऱ्याचं मूल आहे, त्याच्याभोवती गोल काढलाय, आणि त्या मुलाने काहीही चुकीचं केलेलं नाही.

आणि हो, पुढच्या रविवारी ऑफिसात ऑडिटची कामं आहेत, मला यायला जमणार नाही. कोचना कळवलंय. दहाखालच्या दोन मॅच आहेत, पहिली सातला. गोलकीपरच्या बाबांचं नाव मीच सुचवलं, ते अजून हो-नाही काही बोललेले नाहीत. येणार असतील तर शिट्टी मात्र स्वतःची आणा. माझी उष्टी आहे.