‘एमआरआय नॉर्मल आला ना? मग ४० दिवस थांबा’

गेले पंधरा दिवस इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. भजनी मंडळ, सुदामानगरची सोसायटी, शाळेच्या जुन्या मैत्रिणी, एवढंच काय, माझ्या जाऊबाईंचा योगावर्गसुद्धा. मजकूर लांबलचक आहे. सार असं: ‘मुलं अचानक बडबडतात, हातवारे करतात, झोपत नाहीत. डॉक्टर त्याला मेंदूचा ऑटोइम्यून आजार म्हणतात आणि लाखोंची इंजेक्शनं टोचतात. खरं कारण परीक्षेचा ताण आणि कमजोर प्रतिकारशक्ती. एमआरआय नॉर्मल म्हणजे मेंदू ठणठणीत. गुळवेलीचा काढा द्या, ४० दिवस थांबा, स्टेरॉइडला हो म्हणू नका. इंदूरमध्ये याचं काही होत नाही. एक तरी बरं झालेलं मूल दाखवा.’

मी ३१ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण रात्रपाळीला पेशंटजवळ डॉक्टर नसतात, आम्ही असतो.

आधी एमआरआयचं घेते, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, अशा या ऑटोइम्यून गटात आजार बरेच आहेत. मुलांमध्ये नेहमी भेटणारा एक म्हणजे एनएमडीए रिसेप्टरविरुद्धचा मेंदूदाह. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची निरोप पकडणारी खोबण. डॉ. जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तो ओळखून मांडला, म्हणजे माझी निम्म्याहून जास्त नोकरी झाल्यावर. त्याआधी आमच्या वॉर्डातून अशी किती मुलं ‘व्हायरल’ किंवा ‘मानसिक’ असा शेरा घेऊन गेली असतील, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

होतं असं. शरीर जंतूंशी लढायला जी प्रतिद्रव्यं बनवतं, त्यांतली काही चुकून मेंदूच्या पेशींवरच्या या रिसेप्टरला जाऊन चिकटतात. मग पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते. पेशी मरत नाही, तिचं काम बंद पडतं. घरातलं वायरिंग शाबूत आहे, पण कोणीतरी होल्डरमधले बल्ब काढून ठेवलेत, असं समजा. एमआरआय भिंतीतली तुटफूट दाखवतो. बल्ब आहेत की नाहीत, ते त्याला दिसत नाही.

२०१३ साली ५७७ रुग्णांची मोठी पाहणी छापून आली. त्यात १८ वर्षांखालचे २११ होते. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये दोष दिसला तो साधारण तिघांतल्या एकालाच. उलट ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून काढतात तो आलेख, दहांतल्या नऊ जणांचा बिघडलेला होता, आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात दहांतल्या आठांना काही ना काही सापडलं. म्हणजे फॉरवर्डवाल्यांनी ज्या तपासणीवर विसंबायला सांगितलं, तीच या आजारात सर्वांत कमी बोलणारी निघाली.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की आई-वडील हादरतात. ‘सिस्टर, लकवा तर मारणार नाही ना?’ हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय. सुई जिथे टोचतात तिथे पाठीतला मुख्य मज्जारज्जू संपलेला असतो. त्या खाली पाण्यात लोंबणाऱ्या नसा असतात आणि त्या बाजूला सरकतात. डोकं दुखतं, एखाद दिवस आडवं राहावं लागतं. पण ते पाणी तपासलं नाही तर टीबीचा किंवा हर्पीस विषाणूचा मेंदूज्वरसुद्धा नजरेतून सुटू शकतो, आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. शिवाय एनएमडीएची प्रतिद्रव्यं रक्तात सापडली नाहीत तरी पाण्यात सापडू शकतात. नुसत्या रक्तावर ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जाऊ नये.

आता प्रतिकारशक्ती. मजकूर म्हणतो ती कमजोर झाली, वाढवा. अहो, इथे तर तीच घरच्यांवर उलटली आहे! चौकीदारानेच मालकाला चोर समजून धरलंय आणि तुम्ही चौकीदाराला आणखी जाड काठी देताय. गुळवेल आमच्या परसातही आहे, मला तिचा द्वेष नाही. पण २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आणि त्यात हीच उलटलेली प्रतिकारशक्ती असावी असं म्हटलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तेही खरं. वाद असेल तर असो. ज्या मुलाला ऑटोइम्यून आजाराचा संशय आहे, त्याच्यावर हा प्रयोग कशाला?

‘परीक्षेचा ताण’ या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. ताणानेही मुलं बिथरतात, आणि मानसोपचाराकडे जाण्यात काही कमीपणा नाही. उलट दिशेनेही चुका होतात. अमेरिका-इंग्लंडमधल्या मोठ्या केंद्रांनी २०२३ साली असे १०७ प्रौढ रुग्ण मोजले, ज्यांना ऑटोइम्यून मेंदूदाहाचा शिक्का चुकून बसला होता. म्हणूनच तज्ज्ञ लागतो. पण नुसत्या ताणाने फिटचे खरे झटके येत नाहीत. ताणाने नाडी तासाभरात ६० वरून १५० वर सहसा उडी मारत नाही. एक नऊ वर्षांची मुलगी आठवते. तीन रात्री तिने डोळा मिटला नव्हता. ओठ चाटायची, रिकाम्या तोंडाने रवंथ केल्यासारखा जबडा हलवायची, आणि दहा दिवसांपूर्वी पाढे म्हणणारी ती पोर ‘आई’ एवढंसुद्धा म्हणू शकत नव्हती. घरच्यांनी तोवर दृष्ट काढली होती आणि एका बाबांकडून ताईतही आणला होता. लहान मुलांत हा आजार बऱ्याचदा असाच येतो: आधी झटके, वेड्यावाकड्या हालचाली, वाचा जाणं. अशा मुलाला शांत करायला दिलेल्या काही औषधांनी अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, म्हणून मानसोपचारवाल्यांनाही ही शंका आधी सांगावी.

हर्पीसचा मेंदूज्वर बरा होऊन घरी गेलेलं मूल काही आठवड्यांनी पुन्हा बिघडलं, तर ‘जुनंच उसळलं’ म्हणून बसू नका. त्या इन्फेक्शनच्या मागोमाग हा दुसरा आजार येऊ शकतो, हे आता पक्कं ठाऊक आहे.

४० दिवस थांबण्याबद्दल एकच सांगते. त्याच ५७७ जणांच्या पाहणीत चांगल्या निकालाशी जोडलेल्या दोन ठळक गोष्टी होत्या: उपचार लवकर सुरू होणं आणि आयसीयूची पाळी न येणं. प्रतिद्रव्यांचा रिपोर्ट यायला दिवस लागतात. तोवर हात बांधून बसायची गरज नाही. इन्फेक्शनची शक्यता तपासून, लक्षणं, ईईजी आणि पाणी यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात. त्याचे निकष २०१६ साली ठरले, आणि मुलांसाठी वेगळे २०२० साली.

स्टेरॉइड. हा शब्द ऐकला की आपल्याकडे जिममधले पोरगे आठवतात. इथे ते मिथाइलप्रेडनिसोलोन असतं, बहुधा किलोमागे ३० मिलिग्रॅम, तीन ते पाच दिवस, ड्रिपमधून. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, चेहरा सुजतो, मूल चिडचिडं होतं. म्हणून तर दाखल करून देतात आणि आम्ही दर काही तासांनी बोट टोचतो. त्यानंतर गोळ्या असतील तर त्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. खरा धोका तिथे आहे.

महाग असतं ते आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं, शिरेतून दिलेली. किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या आठ बाटल्या. खर्चाबाबत फॉरवर्डवाल्यांचा राग मला समजतो. पण त्याला तोड आहे: आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. त्यात हे औषध बसतं का, ते दाखल होतानाच काउंटरवर विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको. आणि आयव्हीआयजी दिलं असेल तर गोवराच्या लसीची तारीख पुढे ढकलावी लागते, या मात्रेला ११ महिने. लसीकरणाच्या कार्डावर ते तिथल्या तिथे लिहून घ्या.

इंदूरमध्ये काहीच होत नाही, म्हणे. एमजीएम मेडिकल कॉलेज आणि एमवाय हॉस्पिटलच्या आवारातलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय काय शोभेला आहे? ईईजी, मणक्यातलं पाणी, स्टेरॉइड, ही पहिली पायरी इथे चढता येते. बाहेरगावी जायचं ते पाण्याच्या नमुन्याने, बर्फाच्या डब्यात बसून. झटके येणाऱ्या पोराला अवंतिका एक्सप्रेसच्या बर्थवर झोपवून मुंबई गाठायची कशाला? मात्र मुलांचा न्यूरोलॉजिस्ट यात हवाच, नुसते बालरोगतज्ज्ञ किंवा मोठ्यांचे न्यूरो पुरत नाहीत. पहिल्या उपचाराला दाद नाही मिळाली तर रिटुक्सिमॅबसारखी पुढची औषधं ठरवायला, आणि मुलींच्या पोटाची सोनोग्राफी करून अंडाशयात गाठ नाही ना (कधी कधी तीच या आजाराचं मूळ असते) हे पाहायला सांगायला, अनुभवी माणूस लागतो. तो इथे मिळाला नाही तर इथल्या डॉक्टरांनाच बाहेरच्या तज्ज्ञाशी फोनवर बोलायला लावा. हलवायचंच झालं तर मूल स्थिर करून, अँब्युलन्सने.

ओपीडीत जाताना मोबाइलवर मुलाच्या हालचालींचा व्हिडिओ काढून न्या. डॉक्टरांसमोर ते पाच मिनिटं नेमकं शांत बसतं, हा माझा कायमचा अनुभव.

राहिलं शेवटचं आव्हान: बरं झालेलं एक तरी मूल दाखवा. त्या पाहणीत दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्ण स्वतःचे रोजचे व्यवहार स्वतः करत होते. साधारण १२ टक्क्यांना दोन वर्षांत आजार उलटला, हेही लपवत नाही. ती नऊ वर्षांची मुलगी आता कॉलेजात जाते, स्कूटी चालवते. आधी झोप परतली, मग नजर, वाचा बऱ्याच उशिराने. मागच्या गणपतीत रामबागेत भेटली. मी कोण, ते तिला तिच्या आईने सांगितलं. तिला नेऊन दाखवलं तरी ती काय सांगणार? वॉर्डातल्या त्या दोन महिन्यांतलं तिला काहीच आठवत नाही.