‘क्रोममध्येच उघडा’ हे आपण मुकाट्याने का ऐकतो?

मागच्या आठवड्यात भाचीचा प्रवेशअर्ज भरायला नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका नेट कॅफेत बसलो होतो. सवयीने फायरफॉक्स उघडलं. तीन पानं भरली, फोटो चढवला, शेवटचं ‘सबमिट’ दाबलं तर बटण ढिम्म हलेना. काउंटरवरचा पोरगा तिथूनच म्हणाला, "काका, ते क्रोममध्येच चालते." पुन्हा पहिल्यापासून भरला.

पंधरा वर्षं वेबसाइट बनवतोय. मला राग आला तो साइट बनवणाऱ्याचा. त्याने एकाच इंजिनात, म्हणजे पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्यात, तपासलं आणि काम संपलं असं मानलं.

क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावं चार, पण आतलं इंजिन एकच, ब्लिंक. ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो २०१३ मध्ये सोडलं, एजचं स्वतःचं इंजिन चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या डिसेंबरात हात टेकले. मोठी म्हणावीत अशी आणखी दोनच उरलीत: अ‍ॅपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. त्या मोझिलाचीही बहुतेक मिळकत गूगलबरोबरच्या सर्च करारातून येते, म्हणजे शोधासाठी गूगलच आधीपासून लावून ठेवायचं.

‘क्रोमियम, म्हणजे क्रोमचा पाया, खुलाच आहे ना, मग नवं इंजिन कशाला?’ असं मित्र विचारतात. कोड खुला आहे, पण त्यात काय राहील आणि काय जाईल हे ठरवणारे हात मोजकेच. जाहिराती अडवणाऱ्या जुन्या एक्स्टेन्शन्सचा आधार क्रोमने काढला, तेव्हा त्याच कोडवरच्या ज्या ब्राउझरांना तो ठेवायचा होता त्यांच्यावर ते ओझं आलं. एकाधिकाराचं फळ आपण आधीही चाखलंय: इंटरनेट एक्सप्लोरर ६ आलं २००१ मध्ये आणि पुढची आवृत्ती थेट २००६ मध्ये.

नवं इंजिन लिहिणं भयंकर अवघड आहे, हे मात्र खरंच. नुसती शुद्ध पानं दाखवून भागत नाही. जगातली पानं चुकीच्या टॅगांनी भरलेली आहेत, आणि ती चूक सगळ्या ब्राउझरांनी हुबेहूब एकाच रीतीने सांभाळायची, असा नियमच आहे.

त्यात आपली मराठी. ‘विद्यार्थी’ घ्या. वाचताना अक्षरं तीन, साठवताना युनिकोडचे घटक दहा. वेलांटी साठवली जाते ‘व’नंतर, दिसते आधी. रफार ‘थ’च्या आधी साठवला जातो, दिसतो वर. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यातला फरक तर फक्त आपल्यालाच कळतो, आणि तो बिघडला तर गुरुजी थेट स्वयंपाकघरात! अक्षरजोडणीसाठी हार्फबझ ही खुली लायब्ररी (कुणालाही वापरता येणारा तयार कोड) आहे, क्रोम-फायरफॉक्सही तीच वापरतात. पण ओळ कुठे तोडायची, कर्सर ‘द्या’च्या मध्ये थांबू द्यायचा की नाही, हे इंजिनालाच बघावं लागतं.

म्हणून मला सर्वो आणि लेडीबर्ड या नव्या इंजिनांचं अप्रूप आहे. सर्वो मोझिलाने २०१२ मध्ये सुरू केलं, २०२० मध्ये त्याची टीमच गेली, तरी ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली पुन्हा उभं राहिलं. लेडीबर्डमागे २०२४ पासून ना-नफा संस्था आहे, आणि सर्च करारांचा पैसा घेणार नाही असं तिने जाहीर केलंय. असं इंजिन वेबची नियमपुस्तकं नव्याने वाचतं, तेव्हा जुन्यांनी डोळेझाक केलेली संदिग्धता उघडी पडते.

सगळी इंजिनं ज्यावर तपासली जातात त्या वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स कुणालाही लिहिता येतात. त्या लिहायला येत्या रविवारी गोकुळपेठेत माझ्या घरी बसतोय, दहा वाजता, तर्री पोह्यांसह. मराठी शब्दांची माझी यादी ‘आचाऱ्यांना’पासून सुरू होते. लॅपटॉप घेऊन या, आणि तुमच्या आवडीचा एक अडणारा शब्दही.