शेवटची आली खरी, पण कोणाच्या रांगेत? वेरा मेन्चिकवरच्या फॉरवर्डला उत्तर

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, आणि ज्यांची मुलं रविवारी बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळतात त्या पालकांच्या ग्रुपवर तर निरनिराळ्या काकांनी पुन्हापुन्हा टाकला. मजकूर थोडक्यात असा: बुद्धिबळातली पहिली महिला विश्वविजेती वेरा मेन्चिक हिचा उगाच उदोउदो होतो. पुरुषांच्या स्पर्धांत ती शेवटची आली. तिने हरवले ते दुय्यम खेळाडू, नाहीतर बाईमाणूस म्हणून सोडून दिलेले डाव. महिलांची अजिंक्यपदं मिळाली कारण समोर कोणी नव्हतंच. आज तिचं नाव कोणाला ठाऊकही नाही. आणि शेवटी बोध: मुलींना मुलींतच खेळवा, ओपनमध्ये (मुलगे-मुली एकत्र खेळतात त्या गटात) घालून त्यांचा आत्मविश्वास मारू नका. खाली जोडलेले हात.

नुसती वेराची बदनामी असती तर मी पुढे गेलो असतो. पण मी दांडिया बाजारात मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि त्या बोधाचा परिणाम मला नावनोंदणीच्या फॉर्मवर दिसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बाई कोण ते सांगतो. जन्म मॉस्कोचा, १९०६ चा. वडील चेक, आई इंग्रज. रशियन क्रांतीनंतर १९२१ मध्ये आई आणि मुली इंग्लंडला हेस्टिंग्ज गावी आल्या. वेराला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून न बोलता खेळता येईल असा खेळ तिने जवळ केला. हंगेरीचा ग्रँडमास्टर गेझा मारोत्सी त्या काळात हेस्टिंग्जला होता, त्याच्याकडे ती शिकली. १९२७ साली लंडनला पहिली महिला जागतिक स्पर्धा झाली, ती वेराने जिंकली. पुढे मरेपर्यंत ते पद तिच्याकडेच राहिलं.

“पुरुषांच्या स्पर्धांत ती शेवटची आली.”

आली, हे खरं. १९२९ ला कार्ल्सबादला २१ डावांत ३ गुण, आणि १९३५ ला मॉस्कोला १९ डावांत दीड. आकडे बरोबर आहेत. त्या रांगेत उभं कोण होतं, ते तेवढं गाळलंय.

कार्ल्सबादला २२ खेळाडू होते आणि बाई एकटी हीच. पहिला आला निमझोविच, त्याच्यामागे माजी जगज्जेता कापाब्लांका आणि श्पिलमान, मग रुबिनस्टाइन. पुढे जगज्जेता झालेला मॅक्स युवे पाचव्या ते सातव्या क्रमांकाच्या वाटणीत. जगात अशी स्पर्धा दरवर्षी होत नसे. मॉस्कोला पुढे जगज्जेता झालेला बोत्विनिक आणि फ्लोर बरोबरीने पहिले, सहासष्ट वर्षांचा माजी जगज्जेता लास्कर तिसरा, कापाब्लांका चौथा. या यादीत शेवटचा यायलाही आधी निमंत्रण लागतं, आणि ते पत्र लिहून मागता येत नसे.

शिवाय कार्ल्सबादचे तिचे ते ३ गुण कुठून आले ते पाहा. दोन विजय, दोन बरोबरी. एक विजय अल्बर्ट बेकरवर, जो युवेच्या बरोबरीने पाचव्या ते सातव्यात संपला. दुसरा फ्रिट्झ झेमिशवर. याच झेमिशने याच स्पर्धेत कापाब्लांकाला हरवलं होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तक्त्याचा तळ पाहिला, आडव्या ओळी वाचल्या नाहीत.

त्याच वर्षी वसंतात रॅम्सगेटला एक स्पर्धा झाली. तिची पद्धत वेगळी होती: सात परदेशी खेळाडू एका बाजूला, सात इंग्लिश दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकाने समोरच्या सातही जणांशी खेळायचं. परदेशी संघात कापाब्लांका, रुबिनस्टाइन, मारोत्सी आणि वेरा. कापाब्लांकाचे साडेपाच गुण, रुबिनस्टाइनचे ५, वेराचे ५. तिचा गुरू मारोत्सी तिच्या मागे. वेराचे चाहते हे सांगताना ‘कापाब्लांकाहून अर्धाच गुण कमी’ असं म्हणून थांबतात, तेही मला पटत नाही, कारण ती कापाब्लांकाशी तिथे खेळलीच नव्हती. पण तेच सात प्रतिस्पर्धी, तोच आठवडा आणि रुबिनस्टाइनइतके गुण, एवढं तर उरतंच. ते फॉरवर्डमध्ये नाही.

कापाब्लांका आणि तेव्हाचा जगज्जेता अलेखाइन यांच्याविरुद्ध तिला एकही डाव जिंकता आला नाही, हेही मीच सांगून टाकतो. त्या दोघांपुढे त्या काळातले बहुतेक मास्टर असेच हात चोळत उठत.

“तिने हरवले ते दुय्यम खेळाडू.”

इथे जरा थांबावं लागेल.

मॅक्स युवे हेस्टिंग्जच्या नाताळातल्या स्पर्धेत १९३०-३१ मध्ये तिच्याकडून हरला. एक डाव कोणीही हरतो, मान्य. पुढच्या वर्षी, १९३१-३२ मध्ये, पुन्हा हेस्टिंग्ज, पुन्हा समोर वेरा, पुन्हा युवे हरला. युवे गणिताचा शिक्षक, तयारीशिवाय बसणारा माणूस नव्हे. आणि १९३५ मध्ये याच युवेने अलेखाइनकडून जगज्जेतेपद हिसकावलं. हा जर दुय्यम असेल तर अव्वल कोण?

सुलतान खान घ्या. पंजाबातला, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला माणूस. आधी आपल्याकडच्या देशी नियमांनी खेळणारा, म्हणजे प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाणार. विलायतेला जाऊन नवे नियम शिकला आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीनदा ब्रिटिश अजिंक्य झाला. हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरवलं होतं. तोही वेराकडून एक डाव हरला. (सर उमर यांच्याच घरातली मिस फातिमा १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्य झाली. तिच्याबद्दल एखादं फॉरवर्ड आलं तर मी आनंदाने पुढे ढकलेन.) अमेरिकेचा सॅम्युअल रेशेव्हस्की हाही तिच्याकडून हरलेल्यांच्या यादीत आहे, आणि तो पुढे कित्येक वर्षं जगातल्या पहिल्या काही जणांत गणला जायचा.

आता सर जॉर्ज थॉमस. बॅडमिंटनवाल्यांना हे नाव पाठ असेल: २०२२ साली भारताने जिंकलेला थॉमस कप याच गृहस्थाच्या नावाचा. बुद्धिबळात दोनदा ब्रिटिश अजिंक्य. १९३४-३५ च्या हेस्टिंग्जला त्याने एकाच स्पर्धेत कापाब्लांका आणि बोत्विनिक दोघांनाही हरवलं. वेराने थॉमसला एकाहून अधिक वेळा हरवलं. त्यांतला लंडनचा १९३२ चा डाव मी वर्गात पटावर मांडतो. वेरा पांढऱ्याकडून, थॉमस काळ्याकडून किंग्ज इंडियन नावाची सुरुवात खेळतोय. तिने राजा वजिराच्या बाजूला किल्लेकोटात नेला, थॉमसचा राजा दुसऱ्या बाजूला. मग तिने घोड्यापुढचं आणि हत्तीपुढचं प्यादं सरळ त्याच्या राजावर सोडलं. थॉमस दुसरीकडे आपली प्यादी सरकवत राहिला, आणि तिचा हल्ला आधी पोचला. वर्गातली मुलं आधी म्हणतात, ‘सर, तिचा राजा उघडा पडला!’ मग चाली मोजायला लागतात, आणि मोजल्यावर गप्प होतात. सांभाळून खेळणारी, बरोबरीवर समाधान मानणारी अशी तिची ख्याती होती. हा डाव पाहून ती ख्याती जरा तपासून घ्यावी.

“बाईमाणूस म्हणून सोडून दिलेले डाव.”

हा मुद्दा वाचून मला हसू आलं, कारण इतिहास नेमका उलटा आहे. कार्ल्सबादला वेराला निमंत्रण आलं तेव्हा व्हिएन्नाच्या बेकरने थट्टा केली: हिच्याकडून जो हरेल त्याला ‘वेरा मेन्चिक क्लब’चा सभासद करून घेऊ. क्लबात पहिला दाखल झाला तो बेकर स्वतः. पुढे यादी वाढत गेली: युवे, थॉमस, येट्स, कोल, विंटर, अलेक्झांडर. आता मला सांगा, चारचौघांत जिची टर उडवली तिला उदार मनाने डाव सोडायचा, आणि तोही आपल्या बक्षिसाच्या क्रमांकावर पाणी सोडून? हरल्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे माहीत असलेला माणूस उलट जास्त दात-ओठ खाऊन खेळतो.

बेकर काही १९२९ मध्येच संपला नाही. आपल्याकडे रविवारी सकाळी फोनवर पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ते) आलं की हॉलच्या दाराशी कोणीतरी वडील हमखास म्हणतात, ‘चला, मुलगी आलीय समोर, पॉइंट पक्का.’ मुलगा तेच डोक्यात घेऊन बसतो. दहाव्या चालीपर्यंत नुसता धडाका, वीस चालींत वजिराची मारामारी, आणि मग हत्ती-प्याद्यांच्या शेवटात त्याची स्कोअरशीट अर्ध्यावर कोरी. समोरची पोरगी मात्र प्रत्येक चाल लिहितेय, घड्याळाकडे बघतेय, राजा एकेक घर पुढे आणतेय. नंतर वडील शेव-उसळीच्या गाडीवर सांगतात, ‘आज त्याची झोप नीट झाली नव्हती.’

“समोर कोणी नव्हतंच.”

या एका मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. महिलांच्या सात जागतिक स्पर्धांत मिळून ती ८३ डाव खेळली. ७८ जिंकले, ४ बरोबरीत, एकच हरली. १९३१ प्राग, १९३३ फोकस्टन, १९३५ वॉर्सा आणि १९३७ स्टॉकहोम या चार ठिकाणी तर एक अर्धा गुणही सोडला नाही. असे आकडे चुरशीच्या मैदानात येत नाहीत. तिच्या जवळपास येणारी एकच, जर्मनीची सोन्या ग्राफ. १९३७ मध्ये सेमरिंगला दोघींचा सोळा डावांचा सामना झाला. ग्राफने दोन डाव जिंकलेही, तरी वेरा साडेअकरा विरुद्ध साडेचारने पुढे.

पण मैदान रिकामं का होतं? त्या काळी बुद्धिबळ चालायचं क्लबांत आणि कॅफेंत. बहुतेक क्लबांत बायकांना मज्जाव, किंवा मोकळं वातावरण नाही. शिकवणारा मारोत्सी गावातच भेटणं हे वेराचं नशीब, ते बाकीच्यांच्या वाट्याला कुठून यावं? मुलींना शिकवलं नाही तर त्या खेळणार नाहीत, हे समजायला बडोदेकरांना तरी वेळ लागू नये. वेरा जन्मली त्याच १९०६ साली सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींसकट, आणि न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. फॉरवर्ड टाकणाऱ्यांपैकी किती जणांच्या पणजीला त्या दंडाच्या धाकाने पाटी मिळाली असेल, हे त्यांनीच घरी विचारावं.

आणि समोर कोणी नाही हे वेराला स्वतःला ठाऊक होतं. म्हणूनच तर ती हेस्टिंग्ज आणि कार्ल्सबादला जाऊन मार खात होती! फॉरवर्डचे पहिला आणि चौथा मुद्दा एकमेकांशेजारी ठेवून पाहा. बायकांत जिंकली तर म्हणे स्पर्धा सोपी, पुरुषांत हरली तर म्हणे लायकी नाही. मग तिने खेळायचं कुठे?

“आज तिचं नाव कोणाला ठाऊक नाही.”

जून १९४४ मध्ये लंडनच्या क्लॅपहॅम भागात तिच्या घरावर जर्मन उडता बॉम्ब पडला. वेरा, बहीण ओल्गा आणि आई, तिघी गेल्या. वेरा ३८ वर्षांची होती. रिकामं झालेलं पद भरायला पुढची स्पर्धा थेट १९४९-५० च्या हिवाळ्यात मॉस्कोला झाली.

राहिली नावाची गोष्ट. ऑलिम्पियाडमध्ये महिलांच्या विजेत्या संघाला जो करंडक देतात त्याचं नाव वेरा मेन्चिक कप. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकून तोच उचलला. संघात नागपूरची दिव्या देशमुख, कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. त्या दिवशी याच ग्रुपांवर पेढ्यांचे फोटो आले होते.

“मुलींना मुलींतच खेळवा.”

आता मूळ दुखणं. ओपनमध्ये मुलगी हरेल, रेटिंग पडेल, ही भीती मी समजू शकतो. पण जरा हिशोब करा. रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा; एका डावाने तो किती हलेल ते ठरवणारा गुणक लहान वयाच्या खेळाडूंना ४० असतो. आपल्याहून ४०० गुणांनी वरच्या खेळाडूकडून हरलं तर साधारण तीनच गुण जातात, आणि त्याला हरवलं तर ३६-३७ मिळतात. बरोबरीच्या किंवा खालच्या खेळाडूकडून हरलं की वीस किंवा जास्त. म्हणजे रेटिंगचीच काळजी असेल तर बलवान टेबल महाग नाही, सोपं टेबल महाग आहे. किताबांचंही तसंच: महिला ग्रँडमास्टरला २३०० रेटिंगची अट, ग्रँडमास्टरला २५००. मुलींच्या गटात खेळू नका असं मी म्हणत नाही. दिव्याने २०२४ मध्ये इथे गांधीनगरलाच मुलींचं ज्युनियर जागतिक पद घेतलं आणि २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक. पण तो गट मुलींसाठी जादाची संधी म्हणून आहे, कुंपण म्हणून नाही.

आणि हा वाद आपल्या मराठी घरातच एकदा लढून झालाय. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तिन्ही मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, राष्ट्रीय महिला अजिंक्य झाल्या. रोहिणी १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी. त्याच वर्षी ती पुरुषांच्या स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बायकांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा तेव्हा जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांनी दिला. अध्यक्ष होते मॅक्स युवे. हेस्टिंग्जला वेराकडून दोनदा हरलेले, तेच.