स्टेशन ते स्टेशन, विमानानं

लंडन ते पॅरिस हवाई अंतर 344 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर आपलं मुंबई-सोलापूर साधारण तेवढंच भरतं. विमानाला सव्वा तास. हे मी सोलापूरच्या मावशीला फोनवर सांगितलं, आणि तिथंच चुकले.

"सव्वा तास? अगं, सिद्धेश्वरला रात्री बसलं की सकाळ होती!" मावशी हरखली. तिची लेक पॅरिसला असते, मी तिच्याकडेच निघाले होते. रेल्वेचं तिकीट महाग, विमानाचं 28 पौंड. हिशेब सोपा होता.

पहाटे चारला उठले. स्वस्त विमानं शहरातून कशाला सुटतील? माझं होतं ल्यूटनहून. ल्यूटन लंडनच्या उत्तरेला जवळपास पन्नास किलोमीटर आणि पॅरिस दक्षिणेला. सोलापूरला जायचं म्हणून आधी विरारच्याही पुढं जायचं, तसं. ल्यूटनची लोकल पकडायला सेंट पॅन्क्रस स्टेशन गाठलं, तेव्हा पाच वीस झाले होते. याच स्टेशनातून 2007 पासून युरोस्टार सुटते, समुद्राखालच्या बोगद्यातून थेट पॅरिसला, सव्वादोन-अडीच तासांत. पहाटेच्या गाडीची माणसं कॉफी घेऊन रांगेत उभी होती. मी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. बिचारे, रेल्वेनं चालले.

विमानतळावर बॅग मापाच्या पिंजऱ्यात बसेना. दंड तिकिटापेक्षा मोठा. मग एकावर एक तीन स्वेटर चढवले, कोटाच्या दोन्ही खिशांत शेंगाचटणीच्या पुड्या कोंबल्या आणि बॅगेला मापात बसवलं. मी स्वतः कुठल्याच मापात बसत नव्हते, पण माणसांसाठी पिंजरा नव्हता.

विमान आठ वीसला निघालं. वर चढून जरा सरळ झालं, तोच उतरायला लागलं. तिकिटावर पोचायची वेळ दहा चाळीस, कारण पॅरिसचं घड्याळ लंडनच्या तासभर पुढं. तो एक तास कुणी खाल्ला, हे तीन स्वेटरांत घामाघूम झालेल्या बाईला विचारू नये. उतरल्यावर विमान जमिनीवरच इतकं चाललं की मला वाटलं, आता हेच शहरात सोडतंय.

पासपोर्टाच्या रांगेत मावशीचा फोन. "पोचलीस?"

"पोचले. म्हणजे, विमान पोचलं."

"मग तू कुठं राहिलीस?"

शार्ल द गोल विमानतळही शहराबाहेर, पंचवीसेक किलोमीटरवर. तिथून पुन्हा लोकल, आरईआर बी. बसायला जागा नाही, खिशातल्या चटणीचा वास डबाभर. शेजारच्या फ्रेंच आजोबांनी दोनदा खोल श्वास घेतला. आवडला की नाही, कळलं नाही.

साडेबाराला गार द्यु नोर स्टेशनवर उतरले. लंडनचे साडेअकरा, म्हणजे सेंट पॅन्क्रस सोडून सहा तास उलटून गेलेले. बहीण वर मुख्य हॉलमध्ये उभी होती. तिच्या मागच्या फलाटावर नुकतीच एक गाडी लागली होती. माणसं कॉफीचे कप हातात घेऊन, एकाच स्वेटरात, ताजीतवानी उतरत होती.

"या गाडीनं आलीस?" तिनं विचारलं.

मी पाटी वाचली. लंडन, सेंट पॅन्क्रस.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो आई, आली... विमानानंच... नाही, स्टेशनवर... अगं, मलाही तेच कळत नाहीये. चटणी आणलीय तिनं, नंतर बोलू."