‘किमान चिंता’ म्हणजे निश्चिंती नव्हे

स्वर्गीय नर्तक या पक्ष्यावरचा आपला लेख वाचला. या पक्ष्याची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘किमान चिंता’ या, म्हणजे नामशेष होण्याचा धोका कमी असलेल्या जातींच्या, गटात आहे, हे लेखातील विधान बरोबर आहे. मात्र त्यावरून ‘काळजीचे कारण नाही’ असा जो निष्कर्ष काढला आहे, तो पटला नाही. ही नोंद मध्य आशियापासून श्रीलंकेपर्यंतच्या संपूर्ण प्रदेशाचा एकत्रित विचार करून केलेली असते, त्यामुळे एखाद्या ओढ्याकाठची झाडी तुटली आणि तिथली विणीची जोडी नाहीशी झाली, तर ते त्या यादीत कुठेच दिसत नाही.

दुसरे असे, की अंडी केवळ मादी उबवते हे लिहिणे चूक आहे. नरही तितक्याच निष्ठेने बसतो, आणि त्या इवल्याशा पेल्यासारख्या घरट्याच्या काठावरून त्याची लांब पांढरी शेपटी फितीसारखी खाली लोंबत असते. घरटे साधारणपणे मे ते जुलैमध्ये, पाण्याजवळ, खाली झुकलेल्या फांदीच्या बेचक्यात असते; बारीक गवत आणि मुळ्यांची वीण कोळ्याच्या जाळ्याने बाहेरून लिंपलेली असते. कित्येकदा जवळच कोतवाल पक्ष्याचे घरटे आढळते, कारण तो कावळ्यांना फिरकू देत नाही (फुकटचा पहारेकरीच म्हणा ना).

लेखासोबतच्या छायाचित्रात घरट्याभोवती एकही पान नाही. छायाचित्रासाठी ती पाने छाटली असतील, तर पिल्लांवरची सावली आणि आडोसा दोन्ही गेले. याचा खुलासा व्हावा.