ते बोट

आज काही लिहायचं नव्हतं. पण आईला झोपून दोन तास झाले आणि माझा डोळा लागत नाहीये. लांबलं तर लांबू दे.

संध्याकाळी आईशेजारी तिची मालिका बघत बसले होते. बघत म्हणजे काय, मी मोबाइलवर होते, ती बघत होती. मालिकेतला नायक कितीतरी भागांपासून कोमात आहे. आज त्याची बायको त्याच्या हातावर डोकं टेकून रडली. मागे बासरी. मग कॅमेरा हळूहळू त्याच्या हाताकडे सरकला आणि त्याचं एक बोट हललं. मग डोळे उघडले. मग त्यानं तिचं नाव घेतलं, अगदी स्वच्छ आवाजात, जणू दुपारची झोप काढून उठलाय.

आणि आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "ह्यांचंही बोट हललं होतं. आपण थांबायला हवं होतं गं."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत आईनं हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. आज उच्चारलं तेही मला सांगायला नाही, स्वतःशीच बोलावं तसं. म्हणजे ते आत कधीपासून होतं, देव जाणे. आणि दर वेळी कुठल्यातरी मालिकेत कुणाचंतरी बोट हललं की ते पुन्हा ताजं होत असणार.

मला एवढा राग आलाय की काय सांगू.

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे काय झालं होतं. ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाबांचं हृदय सकाळी न्हाणीघरात बंद पडलं. दार उघडून, त्यांना बाहेर काढून, रुग्णवाहिका येऊन हृदय पुन्हा सुरू होईपर्यंत खूप वेळ गेला होता. मेंदूला पाच-सात मिनिटं रक्त मिळालं नाही तरी इजा व्हायला लागते, इथे तर त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. त्यानंतर आयसीयू, व्हेंटिलेटर. चौथ्या दिवशी आई आत गेली असताना बाबांच्या उजव्या हाताचं बोट हललं. ती धावत बाहेर आली. तिचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आम्ही सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. काकांनी तर तिथूनच चार जणांना फोन केले, शुद्धीवर आले म्हणून.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की ही जाग नाही. मेंदूला अशी इजा झाली की स्नायू आपोआप उडतात, झटके येतात. त्यांनी बाबांना हाक मारून दाखवली, नखावर दाबून दाखवलं. त्याला काहीच प्रतिसाद नव्हता, आणि बोट मात्र मधूनच आपलं आपण उडत होतं. मला आणि दादाला ते पटलं. आईनं मान हलवली. आम्हाला वाटलं, तिलाही पटलं.

सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, हृदय पुन्हा बंद पडलं तर पुन्हा छाती दाबायची का? आम्ही नको म्हणालो. आई म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. सातव्या रात्री बाबा गेले.

आता सांगा, डॉक्टरांच्या त्या दहा मिनिटांच्या बोलण्यासमोर आयुष्यभर बघितलेलं काय काय उभं होतं? आईनं कोमातून उठणारी किती माणसं पडद्यावर पाहिली असतील? पन्नास? शंभर? प्रत्येकाचं आधी बोटच हललं. प्रत्येक जण कुणाच्या तरी रडण्यानं उठला. ज्याच्या घरच्यांनी धीर सोडला नाही, तो उठला. यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जो उठला नाही त्याच्या घरच्यांनी काय केलं मग? धीर सोडला. प्रेम कमी पडलं. हेच शिकवत आलेत ना हे लोक, वर्षानुवर्षं?

हे फक्त माझं रडगाणं नाही. मेंदूविकाराच्या एका डॉक्टरांनी एका सहलेखकासोबत १९७० ते २००४ या काळातले ३० चित्रपट काढून त्यातला कोमा तपासला होता. २००६ मध्ये ते छापून आलं. ३० पैकी दोनच चित्रपटांत तो बराचसा खरा होता. बाकीच्यांपैकी बहुतेकांत माणूस शांत झोपल्यासारखा, अंगानं धडधाकट, आणि उठतो तो एकदम, सगळं आठवत. साध्या प्रेक्षकांना त्यातले प्रसंग दाखवून विचारलं, तर एकतृतीयांशाहून जास्त लोक म्हणाले की घरच्या माणसाबद्दल निर्णय घेताना हे आमच्या मनात येऊ शकतं. माझी आई त्यांच्यातलीच एक.

खरा माणूस तसा दिसत नाही हो. बाबांचा चेहरा सुजला होता. तोंडातली नळी जागेवर राहावी म्हणून गालांवर चिकटपट्ट्या होत्या, त्यांच्या कडेनं कातडी लाल झाली होती. ओठ इतके कोरडे की सिस्टर ओल्या कापसानं पुसायच्या तेव्हा कापसाचे धागे त्यांना चिकटून राहायचे. पहिल्या दिवशी मी दारातच थांबले, मला वाटलं मी चुकीच्या खाटेपाशी आले. जन्मभर ज्या चेहऱ्याकडे बघितलं तो मला ओळखू आला नाही, कारण माझ्या डोक्यात आयसीयू म्हणजे पांढरी चादर, विंचरलेले केस आणि नाकात एक बारीक नळी असं होतं. ते माझ्या डोक्यात कुणी घातलं?

लोक म्हणतील, अहो सिनेमातलं सगळंच खोटं असतं, प्रेम खोटं, मारामारी खोटी, घरं खोटी, हे एवढंच का लावून धरता? सांगते. प्रेमातलं खोटेपण आपल्याला कळतं, कारण आपण स्वतः प्रेम करतो, आपटतो, शिकतो. पडद्यावरचं लग्न आणि घरातलं लग्न यातला फरक वर्षभरात कुणीही सांगेल. पण आयसीयूच्या दारामागे काय चालतं हे आपल्यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. पहिल्यांदा पाहतो तेव्हा आत आपलंच माणूस असतं. तोपर्यंत जे काही माहीत आहे ते सगळं पडद्यावरून आलेलं. ताडून बघायला दुसरं काही नाही, आणि चूक झाली तर दुसरी संधीही नाही.

काकांचंच घ्या. सातव्या रात्री मॉनिटरवरची रेघ सरळ झाली तेव्हा काका दारात उभं राहून ओरडत होते, "शॉक द्या ना! मशीन तिथंच आहे, शॉक का देत नाही?" तो ड्यूटीवरचा मुलगा असेल सव्वीस-सत्तावीसचा. तो काहीतरी सांगायला गेला, काकांनी त्याला बोलूच दिलं नाही. काका वाईट माणूस नाही. भावासाठी जीव तुटत होता त्याचा. पण सरळ रेघेला शॉक देतच नाहीत! हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तर ती थरथर थांबवायला शॉक असतो. रेघ सरळ झाल्यावर त्याचा उपयोग नाही, तिथं छाती दाबतात आणि इंजेक्शन देतात. आणि ते पुन्हा करायचं नाही, हे आमचं आम्हीच ठरवलं होतं. पडद्यावर मात्र रेघ सरळ, टूंऽऽ असा लांब आवाज, सगळे मागे सरका, धाड, आणि माणूस परत. काका ते पन्नास वर्षं बघत आलेत. त्यांच्या मते त्या मुलानं त्यांच्या भावाला मरू दिलं. आजही ते तसंच सांगतात.

आणि छाती दाबणं! पडद्यावर कोपर वाकवून हळूच दाबतात, कारण समोर जिवंत नट झोपलेला असतो, त्याला खरोखर दाबता येतच नाही. खऱ्यात छाती पाच सेंटिमीटर तरी आत जावी लागते, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बरगड्या मोडतात. बाबांच्या मोडल्या होत्या. अमेरिकेत डॉक्टरांनी एकदा टीव्हीवरच्या मालिकांमधले असे प्रसंग मोजले, १९९६ मध्ये ते छापलं. टीव्हीवर ७५ टक्के लोक तिथल्या तिथे वाचले होते. खऱ्या जगात दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलं तर दहातला एखादा जेमतेम घरी परत जातो. दहातला एखादा. बाबा उरलेल्या नवांमध्ये होते, त्यात कुणाचा गुन्हा नव्हता.

बरं, मालिकांनी चांगलंही केलंय, मान्य. पेरूमध्ये १९६९ साली एका मालिकेतली घरकाम करणारी मुलगी शिवणकाम शिकून वर आली, तर शिलाई मशीनचा खप वाढला, बायका शिवणवर्गाला जायला लागल्या. मेक्सिकोमध्ये १९७५ साली खास प्रौढ साक्षरतेसाठी मालिका काढली आणि लोकांनी त्या वर्गांना गर्दी केली. पण मग हेच तर म्हणतेय मी! एक मालिका हजारो बायकांना मशीनवर बसवू शकते, तर दुसरी एखाद्या बाईला सहा वर्षं रात्री जागं ठेवू शकत नाही का? चांगल्याचं श्रेय घेताना तुमचा प्रभाव असतो आणि वाईटाच्या वेळी 'ही निव्वळ करमणूक आहे'? असं नाही चालणार.

खरं दाखवलं तर कोण बघेल, असं विचारतात. मी कुठं म्हणतेय की सूज दाखवा, चिकटपट्ट्या दाखवा? उठवा तुमच्या नायकाला, खुशाल उठवा. पण त्याच मालिकेत कधीतरी एखादा डॉक्टर एवढंच म्हणू दे की बोट हललं म्हणजे जाग आली असं नसतं. एक वाक्य. एवढं केलं तर काय बिघडेल?

मालिका बंद करा असं मी म्हणणार नाही. बाबा गेल्यावर ते पहिलं वर्ष आईनं त्या टीव्हीवरच काढलं, हे मला नाकारता येत नाही. मी दिवसभर कामाला, दादा परगावी. घरात आवाज करायला तेवढीच माणसं होती. आई त्यांच्याशी बोलते, त्यांना रागावते, "अगं, त्याचं ऐकू नको" म्हणते. पूर्वी मला त्याचा त्रास व्हायचा. आता नाही होत. पण म्हणूनच जास्त लागतं ना. ज्यांना तिनं घरातलं मानलं, त्यांनीच तिला हे सांगावं.

तर आज मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि तिला सगळं पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, पण सावकाश. नखावर दाबल्याचं, हाक मारल्याचं, झटक्यांचं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते कळलं गं मला तेव्हाच." मी गप्प. मग बराच वेळानं म्हणाली, "त्या रात्री मी बाहेर बाकावर झोपले होते. मला वाटतं, त्यांनी हाक मारली असेल."

हे होतं. सहा वर्षं आत हे होतं. बोट नव्हतंच.

मी तिला म्हटलं, आई, बाबांच्या तोंडातून ती नळी होती ना, ती थेट श्वासनलिकेत जाते, स्वरयंत्राच्या मधून. ती असताना आवाज निघतच नाही. पडद्यावर तोंडावरचा मास्क बाजूला करून बोलतात, तसं नसतं ते.

"निघतच नाही?"

"नाही."

"हळूसुद्धा?"

"हळूसुद्धा नाही, आई."

ती थोडा वेळ तशीच बसली. टीव्हीवर दुसरं काहीतरी सुरू झालं होतं, बिनआवाजाचं. मग तिनंच उठून तो बंद केला, आणि आत जाताना दारात थांबून तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की ना?"

मी म्हटलं, नक्की.